प्रबंधात मूळ उतारा कधी द्यायचा आणि कधी आपल्या शब्दांत सांगायचं?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. मी मराठीत पीएच.डी. करते आहे. विषय थोडक्यात सांगते: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मराठी गद्यात शेतकरी कसा येतो. मुख्य भर जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'वर (१८८३).

तिसरं प्रकरण मागच्या आठवड्यात गाईडबाईंकडे दिलं होतं. ५२ पानं. काल ते परत आलं. समासात पेन्सिलीच्या उभ्या रेघा आणि शेवटच्या पानावर एकच वाक्य, "यात तू कुठे आहेस?" घरी येऊन मोजलं तर ५२ पानांतली जवळजवळ १९ पानं नुसती अवतरणं. फुल्यांचे उतारे, दख्खनच्या दंग्यांवरच्या सरकारी अहवालातले उतारे आणि समीक्षकांची "अमुक म्हणतात", "तमुक म्हणतात" अशी वाक्यं.

माझ्याबरोबरचा एक जण म्हणतो, सगळं आपल्या शब्दांत लिहून टाक, नाहीतर वाङ्मयचौर्य शोधणारं सॉफ्टवेअर पकडेल. म्हणून काल रात्री फुल्यांचा एक परिच्छेद माझ्या शब्दांत लिहून बघितला. आशय सगळा आला, पण त्यात फुले उरले नाहीत. मला खरंच कळत नाहीये की कुठला उतारा ठेवायचा आणि कुठला काढायचा. कुणी नीट सांगेल का?

तळटीप

आमच्या विभागात दर पानाला जास्तीत जास्त एक अवतरण असा तोंडी नियम होता. त्याचा उपयोग काही झाला नाही. मुलं मोजून एकेक टाकायची, गरज असो नसो. तुमच्या बाईंचा प्रश्न जास्त कामाचा आहे. एक उतारा इथे टाका ना, म्हणजे बोलता येईल.

कऱ्हाकाठ

सगळ्यांच्या ओळखीचाच टाकते. 'असूड'च्या उपोद्घाताची (प्रस्तावनेची) सुरुवात:

"विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले."

याच्याखाली मी लिहिलं होतं: "यावरून फुले यांनी शिक्षणाला किती महत्त्व दिले होते हे स्पष्ट होते."

जुने मास्तर

ताई, उतारा योग्यच आहे. चूक खालच्या वाक्यात आहे. ते वाक्य लिहायला हा उतारा लागत नाही. फुल्यांनी शिक्षणाला महत्त्व दिलं हे शाळेतलं पोरही सांगेल.

ओळी पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त क्रियापदांकडे बघा. मति गेली. नीति गेली. गति गेली. वित्त गेले. चार वेळा एकच क्रियापद. पाचव्या ठिकाणी माणूस येतो आणि तिथे 'गेले' येत नाही, 'खचले' येतं. वस्तू जातात, माणसं जात नाहीत, ती जागच्या जागी खचतात. विहीर खचते, भिंत खचते, बांध खचतो. शेतकऱ्याच्या रोजच्या बघण्यातला शब्द आहे हा. आणि सहाव्या तुकड्यात 'केले' आहे. म्हणजे इथवर सगळं आपोआप घडत चाललंय असं वाटत होतं, ते कुणीतरी केलेलं होतं. करणारी अविद्या.

आता हे सगळं "शिक्षणाअभावी समाजाची अधोगती झाली असे फुले म्हणतात" या वाक्यातून कसं दाखवणार? नाही दाखवता येत. म्हणून इथे मूळ उतारा हवा. पण तो दिल्यावर त्यातल्या शब्दांबद्दल काहीतरी बोललंच पाहिजे. बाई विचारताहेत ते हेच. उताऱ्याच्या खालची जागा तुमची आहे आणि ती तुम्ही मोकळी सोडलीय.

शिकवत होतो तेव्हा विद्यार्थ्यांना एकच काम सांगायचो. प्रत्येक उताऱ्यातला एखादा शब्द असा दाखवा, जो बदलला तर तुमचा मुद्दा पडेल. असा शब्द सापडला की उतारा ठेवायचा. नाही सापडला तर आपल्या शब्दांत सांगायचं, तळटीप द्यायची आणि पुढे जायचं.

कऱ्हाकाठ

सर, हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. ती ओळ मला लहानपणापासून पाठ आहे, पण 'खचले'कडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

कृषिविद्या

मी मृदाशास्त्रातली. आमच्याकडे चित्र अगदी उलटं आहे, म्हणून सांगते. माझ्या अख्ख्या प्रबंधात अवतरणचिन्हातलं एकही वाक्य नाही आणि कुणाला ते खटकलंही नाही. आम्हाला समोरच्याचं वाक्य नको असतं, त्याचा निष्कर्ष हवा असतो. अमुक जमिनीत सेंद्रिय कर्बाचं प्रमाण इतकं घटलं, पुढे नाव आणि वर्ष, संपलं. त्याने ते कुठल्या शब्दांत सांगितलं याला काहीच महत्त्व नसतं. अपवाद एखाद्या व्याख्येचा, तोही त्या व्याख्येवर वाद असेल तरच.

तुमच्या प्रकरणातला सरकारी अहवाल मला या जातीचा वाटतो. त्यातून तुम्हाला माहिती हवी आहे ना?

कऱ्हाकाठ

हो, बहुतेक माहितीच. दीड पानाचा उतारा दिला होता. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा कसा सुरू झाला, लोकांनी सावकारांची कर्जखतं, रोखे, वह्या कशा ताब्यात घेतल्या आणि जाळल्या. (सुपे माझ्या आजोळापासून जवळ आहे, म्हणून तो उतारा काढायला जीव होत नव्हता.)

तो आता असा केला: "१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंग्याला सुरुवात झाली. जमावाचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या कागदांवर होता. कर्जाची खते आणि रोखे मिळवून ती जाळणे हा मुख्य हेतू होता." याला अहवालाची तळटीप. दीड पानाच्या तीन ओळी झाल्या. आणि गंमत म्हणजे दुसरं वाक्य, जीव आणि कागद यांच्यातला फरक, हे मला आत्ता लिहिताना सुचलं. उतारा उतरवून घेताना ते मनातही आलं नव्हतं.

अनुवादक_ठाणे

थांबा, एक महत्त्वाचं राहतंय. तो अहवाल इंग्रजीत आहे. तुम्ही दीड पान मराठीत दिलं होतं, तेही अवतरणचिन्हांत. मग ते शब्द कुणाचे? अहवालाचे नव्हेत, तुमचे. भाषांतर कितीही चोख असलं तरी अवतरणचिन्ह वाचकाला सांगतं की हेच शब्द मुळात आहेत. उतारा ठेवणार असाल तर शेजारी 'भाषांतर माझे' लिहा आणि नेमक्या शब्दांवर मुद्दा उभा असेल तर मूळ वाक्य तळटीपेत द्या.

ही बाब बारीक वाटते, पण आपल्याकडे याच बाबीवर एका माणसाची सहा वर्षं गेली. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो 'केसरी'तल्या मराठी लेखांवरून. न्यायालयापुढे त्या लेखांची इंग्रजी भाषांतरं होती. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठी येणारा कुणी नाही. टिळकांनी स्वतःच्या बचावाच्या भाषणात या भाषांतरांवर मोठा हल्ला चढवला. मराठी शब्दात नसलेली धार इंग्रजीत चढवली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि मंडालेला गेले. शिक्षेमागे इतरही बरंच काही होतं हे खरं. पण 'त्याने असं म्हटलं' आणि 'त्याच्या म्हणण्याचं मी असं भाषांतर केलं' यांत किती अंतर पडू शकतं, ते त्या खटल्याच्या कागदपत्रांत उघड दिसतं.

आता एक विचारतो, राग मानू नका. फुल्यांचे सगळे उतारे मूळ मराठीतूनच घेतलेत ना? इंग्रजी पुस्तकात सापडलेलं अवतरण पुन्हा मराठी करून घातलेलं एकही नाही?

कऱ्हाकाठ

(दुसऱ्या दिवशी)

अनुवादक, उत्तर द्यायला उशीर झाला कारण लायब्ररीत बसून एकेक उतारा ताडून बघितला. तीन निघाले. तीनही 'असूड'मधले नाहीत असं समजून इंग्रजी पुस्तकातून मराठी केले होते, त्यातला एक तर 'असूड'मधलाच निघाला. इंग्रजीतल्या 'इग्नरंट'चं मी 'अडाणी शेतकरी' केलं होतं. फुल्यांनी लिहिलंय 'अज्ञानी'. म्हणजे फुल्यांच्या तोंडी त्यांचा नसलेला शब्द मीच घातला, तोही अवतरणचिन्हांत. 'अडाणी' म्हटलं की दोष माणसाच्या अंगाला चिकटतो. 'अज्ञानी'त त्याला ज्ञान मिळू दिलं नाही हे म्हणायला जागा राहते, आणि त्यांचा सगळा युक्तिवाद तर त्याच जागेवर उभा आहे. रडू यायचं बाकी होतं.

जुने मास्तर

ताई, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरच्या परीक्षकाने काढलं असतं तर जड गेलं असतं. आज तुम्हीच काढलंत. तिन्ही ठिकाणी मूळ पान शोधा, नाही सापडलं तर अवतरणचिन्ह काढा आणि 'अमुक ग्रंथात उद्धृत' असं सरळ लिहा.

आवृत्तीही कायम एकच धरा. कीर आणि मालशे यांनी संपादित केलेलं समग्र वाङ्मय १९६९ चं, त्यानंतरच्या आवृत्त्या निराळ्या. कुठे 'मति' छापलंय, कुठे 'मती'. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर जुन्या मजकुरावर कुणी किती हात फिरवला याचा नेम नाही. ज्या पानाचा क्रमांक देता, त्या पानावर जसं आहे तसंच उतरवा. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, अर्धविराम, सगळं. सुधारायला जाऊ नका. तुकोबांच्या अभंगाचं तर आणखी अवघड, कारण गाथेगाथेत क्रमांकही बदलतो आणि पाठही. कुठली गाथा ते सांगितलं नाही तर वाचकाला अभंग सापडायचाच नाही.

दुवा

सॉफ्टवेअरच्या भीतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी ग्रंथालयात आहे, हे रिपोर्ट रोज काढतो. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०१८ चं विनियमन स्वतः वाचा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. त्यात साम्य मोजताना योग्य श्रेय देऊन अवतरणात दिलेला मजकूर वगळायचा आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हेही वगळायचं. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरायचं नाही. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायला सांगतात, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द.

म्हणजे अवतरणचिन्हात, पानाच्या क्रमांकासह दिलेला उतारा ही चोरी नव्हे. चोरी असते ती चिन्ह न लावता चार शब्द इकडचे तिकडे करून घेतलेल्या वाक्यात. रिपोर्ट काढणाऱ्याला फक्त विचारा की अवतरणं वगळण्याचा पर्याय लावलाय का. बऱ्याचदा तो लावलेलाच नसतो आणि पोरं आकडा बघून घाबरतात. मग घाबरून चांगले उतारे मोडतात, शब्दाला शब्द बदलतात. 'शेतकरी'चं 'कृषक' करतात. एकदा एका प्रबंधात 'खतफोड'चं (म्हणजे सावकारांची कर्जखतं फाडण्याचं) 'खताची फोडणी' झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. मूळ लेखकाचाही अपमान आणि वाचकाचाही.

कृषिविद्या

आपल्या शब्दांत लिहायचं म्हणजे शब्दकोशातून पर्याय शोधायचे नव्हेत, अगदी बरोबर. आमच्या मॅडम सांगायच्या, पेपर वाचा, पालथा ठेवा, चहा करून या आणि मग लिहा. न बघता जे लिहिता येतं तेच तुम्हाला समजलेलं असतं. लिहून झालं की पेपर उघडून आकडे तपासायचे.

वऱ्हाडवाट

मी समाजशास्त्रातला, यवतमाळ भागात मुलाखती घेतल्या. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पुस्तकाचं पान असतं, ते तपासता येतं. बोलणाऱ्या माणसाचं काय?

एक बाई मला म्हणाल्या, "मले कर्जाचं भेव नाही वाटत, लोकायच्या तोंडाचं वाटते." मार्गदर्शक म्हणाले, प्रमाण मराठीत लिही. मी लिहिलं: "मला कर्जाची नव्हे, तर समाजाची भीती वाटते." ते वाक्य प्रबंधात वर्षभर तसंच होतं. एके दिवशी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. त्या 'समाज' म्हणाल्याच नव्हत्या. 'लोकायचं तोंड' म्हणाल्या होत्या. घेणेकरी दारात आल्यावर शेजारच्या ओट्यावरून जे ऐकू येतं ते. 'समाज' हा माझा शब्द, माझ्या विषयाचा शब्द. मी त्यांच्या वाक्यात माझा निष्कर्ष घुसवला आणि मग तेच वाक्य माझ्या निष्कर्षाचा पुरावा म्हणून दिलं.

आता मूळ वऱ्हाडी ठेवली आहे. पण सगळ्यांचं नाही. एकरी किती खर्च आला, बियाणं कुठून आणलं, हे ४० जणांनी सांगितलेलं एकत्र करून माझ्या शब्दांत दिलं. कुणी काही अशा तऱ्हेनं सांगितलं की त्या सांगण्यातच गोष्ट आहे, तिथेच त्यांचे शब्द.

जुने मास्तर

वऱ्हाडवाट, फार मोलाचं लिहिलंत. तुमच्याच भागात ही काळजी सातशे वर्षांपूर्वी घेतली गेली आहे. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या लीळा (आठवणी) गोळा केल्या तेव्हा ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून विचारलं. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तर महानुभावांच्या पोथ्यांत तो वेगळा पाठही नोंदवलेला सापडतो. एकच गुळगुळीत मजकूर करून टाकला नाही.

पुढे केसोबासांनी चक्रधरांची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. म्हणजे शुद्ध अवतरणांचा संग्रह. मग अडचण अशी आली की नुसतं सूत्र वाचून ते कुणाला, कुठे, कशावरून म्हटलं ते कळेना. त्यासाठी पंथात 'प्रकरणवश' हा वेगळा ग्रंथप्रकारच झाला, सूत्रामागचा प्रसंग सांगणारा. कऱ्हाकाठ, तुमच्या उताऱ्याआधी एक वाक्य 'प्रकरण' द्या. कोण, कुणाला उद्देशून, कुठल्या प्रसंगी. 'असूड'चे भाग फुल्यांनी छापण्याआधी गावोगाव वाचून दाखवले होते. ऐकणाऱ्या कानांसाठी केलेलं गद्य आहे ते. हे आधी सांगितलंत तर त्या सहा तुकड्यांची लय वाचकाला आपोआप ऐकू येईल.

तळटीप

एक नाजूक प्रश्न. फुल्यांच्या उताऱ्यांत भटब्राह्मणांबद्दल फार तिखट शब्द आहेत. आमच्या एका सहकाऱ्याने तिथे टिंबं टाकून उतारा सौम्य केला होता. हे चालतं का?

अनुवादक_ठाणे

माझ्या मते नाही. टिंबं जागा वाचवायला असतात, लेखकाला शांत करायला नसतात. तो राग हा मजकुराचा भाग आहे, तुम्हाला पटो न पटो. शब्द झेपत नसेल तर उतारा देऊ नका, आपल्या शब्दांत सांगा आणि तिथेही राग होता हे सांगा.

कऱ्हाकाठ

पटलं. याचीच दुसरी बाजू मला माझ्या प्रकरणात दिसली. 'शूद्र'च्या जागी मी दोन ठिकाणी 'बहुजन' लिहून गेले होते, चांगल्या मनाने. पण फुले 'शूद्र' हाच शब्द मुद्दाम वापरतात. तोही परत आणला.

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितोय, इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं. लांब उतारा वेगळा परिच्छेद करून आत सरकवून द्यायचा, त्याला अवतरणचिन्ह लावायचं नाही. किती लांब, ते तुम्ही कुठली संदर्भशैली पाळता त्यावर आहे: एपीएमध्ये ४० शब्द किंवा जास्त, एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त, शिकागोत साधारण १०० शब्द. मराठी मजकुरावर बोलताना मी भाषांतर वर आणि मूळ देवनागरी तळटीपेत देतो. सुरुवातीला जागा जाते म्हणून मूळ गाळायचो. एका परिषदेत कोल्हापूरच्या एका बाईंनी उठून मूळ शब्द विचारला आणि माझ्याकडे तो नव्हता. तेव्हापासून गाळत नाही.

कऱ्हाकाठ

(चार दिवसांनी)

प्रकरण पुन्हा लिहिलं. १९ पानांची अवतरणं आता साडेसहा पानांवर आली. समीक्षकांची बहुतेक वाक्यं गेली, त्यांचं म्हणणं नावासह माझ्या शब्दांत आलं. एकाचं ठेवलं, कारण मला त्याच्याशी भांडायचं आहे आणि ज्याच्याशी भांडायचं त्याचे शब्द त्याच्याच तोंडून यायला हवेत. सुप्याच्या तीन ओळी राहिल्या. उपोद्घाताच्या उताऱ्याखाली आता पाऊण पान माझं आहे, 'खचले'वर. सर, तिथे तळटीपेत काय लिहू? हे निरीक्षण तुमचं आहे आणि तुमचं नाव मला माहीत नाही.

जुने मास्तर

नावाची गरज नाही. 'एका चर्चेत सुचलेला मुद्दा' एवढं लिहा, ते खरं आहे. आणि 'खचणे' हे क्रियापद 'असूड'मध्ये आणखी कुठे कुठे येतं ते पुस्तकातून स्वतः शोधा. सापडलं की तो मुद्दा तुमचा होईल.

कऱ्हाकाठ

उद्या सकाळी लायब्ररी उघडली की तेच.